उतरलेली तार

झेलाचं पत्र आलं त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि वेंडेल फिप्सने त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरला होता असं नाही. विसरता आलं असतं तर बरंच झालं असतं. पत्र त्याने शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं होतं, आणि तेव्हापासून त्या खंडातला एकही शब्द पाहिला नव्हता. अडलंच तर तो वाक्य फिरवून लिहायचा.

पत्र दीड पानाचं होतं.

‘मिस्टर फिप्स, मी क्रीड टेस्टरमन यांची थोरली मुलगी. लग्न झाल्यापासून ओहायोत, डेटनला असते. तुमच्या धुनांच्या पुस्तिकेवरून शिकलेल्या मुलांनी वाजवलेली ‘लंगडी कालवड’ परवा रेडिओवर ऐकली. जाडा भाग, खालच्या सुरांतला, बाबांचाच आहे. वरच्या सुरांतला बारीक भाग मात्र बाबांचा नाही. चांगला आहे, पण बाबांचा नाही. शेवटी बाबांचा सूर वर जायचा, आई विहिरीतून बादली ओढायची तसा. तो त्यात नाही. बाबांना शेवटचं ऐकलेले तुम्हीच. व्हर्लिनला विचारलं असतं, पण माझा भाऊ पत्राला उत्तर देत नाही, आणि बाबा गेल्यापासून त्याने बॅंजोला हात लावलेला नाही. मला ऐंशी पूर्ण झाली. एकदा ऐकायला मिळालं तर बरं.’

झेलाचं सगळं खरं होतं. शेवटचं ऐकणारा तोच होता, आणि बारीक भाग बाबांचा नव्हता. तो वेंडेलचा होता.

एकसष्ट सालच्या शरदात वेंडेल काउंटीच्या फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवायचा. दर दुसऱ्या गुरुवारी टेस्टरमनांच्या घळीत गाडी थांबायची. क्रीडच्या बायकोला वाचायचा नाद होता, आणि वेंडेलला बॅंजोचा. म्हणून पुस्तकं देऊन झाली की तो स्वयंपाकघरात चुलीशी बसायचा आणि क्रीडकाका त्याला एखादी धून दाखवायचे. आजूबाजूच्या सगळ्या घळींतली पोरं त्यांना काकाच म्हणायची, आणि वेंडेल एकोणचाळीस वर्षांचा असूनही त्यांच्यासमोर पोरच होता.

‘लंगडी कालवड’ त्या घराची धून. तिच्यासाठी बॅंजोची जाड तार चांगली खाली उतरवायची, आणि एकदा उतरवली की पुन्हा चढवल्याशिवाय वाजवणाऱ्याने खुर्चीतून उठायचं नाही, असा त्या घरचा नेम होता. उठलं तर काय होतं, ते कोणी सांगत नसे. सांगत नसल्यामुळेच ते जास्त खरं वाटायचं.

त्या गुरुवारी क्रीडकाकांनी तार उतरवली, जाडा भाग दोनदा वाजवला आणि ते बारीक भागात शिरले. वेंडेल वहीत आकडे मांडत होता: कोणती तार, कुठे बोट. हात मागे पडला तशी त्याने पेन्सिल वर केली. “काका, जरा थांबा. एवढंच पुन्हा, सावकाश.”

क्रीडकाका थांबले. नेमकी तेव्हाच बायकोने अंगणातून हाक मारली, डुकरं कोबीत शिरली म्हणून. त्यांनी बॅंजो पलंगावर टाकला आणि ते धावत बाहेर गेले. तार उतरलेलीच होती. व्हर्लिन, त्यांचा मुलगा, लाकडं घेऊन चुलीपाशी उभा होता. त्याने तारेकडे पाहिलं, मग वेंडेलकडे.

एकोणीस दिवसांनी ओक तोडताना झाड क्रीडकाकांच्या अंगावर आलं.

वेंडेल शिकलेला माणूस होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ओक तोडायला गेलेल्या माणसावर झाड पडू शकतं, हे त्याला कळत होतं. कळून फारसा उपयोग झाला नाही. पुढे दहा वर्षांनी ग्रंथालयाने डोंगरातल्या धुनांची पुस्तिका काढली तेव्हा वहीतली नोंद तिथेच तुटलेली होती. त्याने उरलेला भाग आपल्या मनाने भरला आणि खाली छापलं, ‘क्रीड टेस्टरमन वाजवत त्याप्रमाणे.’ आता मेळ्यांमध्ये पोरंसोरं तेच वाजवत. खोटं उघडं पडेल ही एक भीती. ती निदान कोणाला सांगता आली असती. दुसरी, त्या उतरलेल्या तारेची, सांगता येण्यासारखी नव्हती.

यंदाच्या नाताळात झेलाचं कार्ड आलं. तक्रार नव्हती. ओळीवरून घसरत गेलेल्या अक्षरांत फक्त ‘अजून आहे’ एवढंच, आणि खाली सही. वेंडेलने ते टेबलावर उघडंच ठेवलं. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी त्याने बॅंजोची पेटी गाडीत ठेवली, आणि तीन वेळा घरात परत जाऊन चौथ्यांदा तो निघाला.

घळीचा रस्ता बर्फाने काचेसारखा झाला होता. ओढ्याच्या अलीकडे गाडी सोडून तो पेटी घेऊन चढू लागला. दोनदा घसरला. तिसऱ्या वळणावर कुत्रा भुंकत आला आणि त्याच्या मागोमाग पडवीतून आवाज.

“कोण आहे?”

“वेंडेल फिप्स. ग्रंथालयातला.”

“आम्ही नेलेली पुस्तकं सगळी परत केलीत.”

“पुस्तकांसाठी नाही आलो, मिस्टर टेस्टरमन.”

“मग पेटीत काय आहे? पेटी घेऊन येतात ते एक तर विमेवाले, नाही तर धर्मवाले. दोघांनाही कुत्रं ओळखतं.”

“बॅंजो आहे.”

व्हर्लिन टेस्टरमन पडवीच्या खांबाला धरून, दुखरा खुबा सांभाळत उभा राहिला. चौऱ्याहत्तरचा झाला होता, वडील गेले त्या वयाचा, आणि तसाच दिसत होता. वेंडेलला वाटलं, आत्ताच मागे फिरावं.

“बत्तीस वर्षं लागली तुला एवढा चढ चढायला,” व्हर्लिन म्हणाला. “ये आत. कुत्र्यावर पाय देऊ नकोस.”

स्वयंपाकघर तेच होतं. चूल तीच. भिंतीवर क्रीडकाकांचा बॅंजो खिळ्याला टांगलेला, त्याच्यावर एकही तार नव्हती. व्हर्लिनने कॉफी ओतली. वेंडेलने झेलाचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं, आणि धीर सुटण्याआधी बोलून टाकलं.

“पुस्तिकेतला बारीक भाग मी माझ्या मनाने घातला. खाली काकांचं नाव टाकलं.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“दुकानातल्या रेडिओवर लागलं होतं. मी म्हटलं, ही कालवड लंगडी नाही. हिला कोणीतरी बूट घातलेत.” त्याने पत्र सावकाश वाचलं, घडी केली, परत दिलं. “तर तुला शिकायचं आहे.”

“तुम्ही वाजवून दाखवलंत तर...”

“वाजवणार नाही. शिकवेन. तोंडाने सांगीन, पायाने सांगीन. खुंटीला माझा हात लागणार नाही. तार तू उतरवायचीस.”

“आणि उठायचं... ते?”

“ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?” व्हर्लिनने चुलीजवळची खुर्ची पायाने सरकवली. “बस.”

“ही काकांची ना?”

“खुर्ची आहे. चार पाय आहेत. बस.”

वेंडेल बसला. जाड तारेची खुंटी त्याने धरली आणि उलटी फिरवली. सूर खाली गेला, आणखी खाली गेला, आणि एखाद्या मोठ्या जनावराने झोपेत सुस्कारा टाकावा तसा आवाज बॅंजोतून निघाला. आता उठता येणार नव्हतं.

“जाडा भाग येतो तुला. मार.”

नखं खाली, अंगठा आखूड तारेवर. नखं खाली, अंगठा आत. व्हर्लिनचा बूट फळीवर ठोका धरत होता. जाडा भाग ठीक गेला. मग व्हर्लिन डोळे मिटून गुणगुणायला लागला, आणि वेंडेलला बत्तीस वर्षांपूर्वीचं वहीचं पान आठवलं, पेन्सिल जिथे वर झाली ती जागा. व्हर्लिन ती जागा ओलांडून पुढे गेला.

“आता तू.”

वेंडेलने वाजवलं.

“नाही. तिथे भरू नकोस.”

त्याने पुन्हा वाजवलं.

“पुन्हा भरलंस! हात खाली आण, पण तारेला लावू नकोस.”

“मग तिथे मोकळं राहतं.”

“मोकळंच आहे ते! पुस्तकवाल्याला रिकामी जागा बघवत नाही. गाय लंगडते तेव्हा एक पाय हवेत असतो की नाही? तो कुठे वाजतो?”

पंधराव्या की सोळाव्या वेळी वेंडेलचा हात हवेतून रिकामा गेला आणि बरोबर ठोक्यावर परत आला. व्हर्लिनचा बूट क्षणभर थांबला. मग तो फक्त “हं” म्हणाला. त्या घरात याहून मोठी शाबासकी मिळाल्याचं वेंडेलला आठवत नव्हतं.

“आता शेवट. जाड तार मार, आणि ती वाजत असतानाच खुंटी पीळ. चढव वर, होती तिथपर्यंत.”

“म्हणजे धून संपल्यावर?”

“संपल्यावर नाही. हेच संपणं.”

वेंडेल त्याच्याकडे पाहत राहिला. बादली विहिरीतून वर येत होती ती अशी. तार चढवणं हा नेम धुनेच्या बाहेरचा नव्हता. तो धुनेचा शेवटचा सूर होता. त्या दिवशी त्याने नेमका तोच येऊ दिला नव्हता.

“मग उठायचं नाही, ते एवढ्याचसाठी? धून पुरी व्हायची असते म्हणून?”

“एवढ्यासाठी की आणखी कशासाठी, ते बाबांना विचारायला तू वेळ कुठे ठेवलास?” व्हर्लिन म्हणाला. म्हणाला आणि चुलीकडे वळून उगीच राख हलवू लागला.

वेंडेलने तार मारली. खुंटी पिळली. सूर चढायला लागला. खुंटी लाकडी होती, घट्ट बसत नव्हती. ती घसरेल या भीतीने त्याने ती आत दाबली आणि गरजेपेक्षा जास्त फिरवली. तार तुटली. चाबकासारखी उसळून त्याच्या गालावर बसली, आणि लोंबत राहिली.

व्हर्लिन चुलीकडून वळला.

“दुसरी तार?” व्हर्लिनने विचारलं.

“गाडीत. मी आणतो...”

“बस!” व्हर्लिन एवढ्या मोठ्याने ओरडला की कुत्रा टेबलाखालून बाहेर पळाला. “हलू नकोस तिथून. किल्ली दे.”

“बर्फ आहे. तुमचा खुबा...”

“माझा खुबा माझ्याजवळ आहे. तू तुझं बूड खुर्चीत ठेव.”

त्याने काठी घेतली, टोपी घातली आणि तो गेला. कुत्रा त्याच्यामागे गेला. दार नीट लागलं नाही, फटीतून वारा येत राहिला.

वेंडेल बसून राहिला. गालाला ओलं लागत होतं. पुसलं तर बोटावर रक्त आलं. त्याने विचार करून पाहिला, कारण विचार करणं हीच एक गोष्ट त्याला जमायची. तुटलेली तार उतरलेली म्हणायची की नाही? ज्या तारेला सूरच नाही ती चढवायची कुठे? आयुष्यात त्याने हजारो पुस्तकं लोकांच्या हातात दिली होती, त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं. चुलीतलं लाकूड बसत चाललं. कॉफीमुळे लघवीला लागली. हे जर कोणी पाहिलं तर हसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि कोणीतरी यावं आणि खरंच हसावं असं वाटलं.

खाली जाऊन यायला व्हर्लिनला अर्धा तास. काठी आणि बर्फ धरून पाऊण. चुलीवरच्या घड्याळात एक तास झाला.

खालच्या बाजूने कुत्रा भुंकला. तीन-चार वेळा भुंकला आणि एकदम थांबला.

“मिस्टर टेस्टरमन!” वेंडेलने हाक मारली. त्याचा आवाज कधीच मोठा नव्हता. तो दाराच्या फटीपर्यंत जेमतेम गेला असेल. “व्हर्लिन!”

काही नाही.

तो स्वतः जिथे घसरला होता त्या दोन जागा त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. दुसऱ्या ठिकाणी खाली थेट ओढाच होता. खुर्ची घेऊन सरकत जावं असंही त्याच्या मनात आलं. एक पाऊलभर त्याने खरंच सरकून पाहिलं, आणि खुर्चीचा पाय फळीत अडकला. त्या दिवशी त्याने एका टेस्टरमनला मध्येच थांबवलं होतं आणि वहीत मान घालून बसला होता. आज दुसरा टेस्टरमन त्याच्याचसाठी बर्फात गेला होता, आणि तो पुन्हा बसलेलाच होता.

तो उठला.

गुडघे वाजले. बाकी काही झालं नाही. काहीच झालं नाही याची त्याला जास्त भीती वाटली. बॅंजो तिथे टाकून जायची हिंमत होईना, म्हणून तो काखेत मारून, लोंबती तार तशीच घेऊन तो बाहेर पडला. कुंपण धरून, झाडं धरून, एका जागी तर चक्क बसून घसरत तो उतरला. ओढ्याच्या कडेला पाहायचं त्याला धाडस होत नव्हतं. तरी त्याने पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

व्हर्लिन गाडीत बसला होता. दार उघडं, पाय बाहेर, पायाशी कुत्रा. तारांचं पाकीट त्याच्या मुठीत होतं. चेहरा राखेसारखा झाला होता.

“पडलात?”

“नाही.”

“छातीत दुखतंय?”

“नाही रे.” व्हर्लिनने त्याच्याकडे न बघता मूठ उघडली, मिटली. “दोनदा निघालो. वर जाऊन दार उघडीन आणि तू त्या खुर्चीत मरून पडलेला असशील, असं वाटलं. पाय उचलेना.”

“मला वाटलं तुम्ही ओढ्यात गेलात.”

“म्हणून उठलास?”

“हो.”

“मूर्ख आहेस.”

“हो.”

व्हर्लिनने तारांचं पाकीट वेंडेलच्या हातात दिलं. मग म्हणाला, “बाबा डुकरांमागे गेले ना, तेव्हा ती तार मी चढवली. लगेच. तू वही आवरत होतास, तुला दिसलं नाही. पण ज्याने उतरवली त्यानेच चढवायची असते का, ते मला ठाऊक नव्हतं. मी हात लावला म्हणूनच काही... बत्तीस वर्षं हेच चाललंय डोक्यात. त्यांना पुरलं त्या दिवशी मी सगळ्या तारा काढून टाकल्या.”

इतकी वर्षं हा माणूस आपल्यालाच दोष देत असेल असं वेंडेल धरून चालला होता.

“मला वाटायचं तुम्ही मला...”

“तुलाही देत होतो,” व्हर्लिन म्हणाला. “वेळ भरपूर होता. बस आत. गार लागतंय.”

गाडीच्या मागच्या बाकावर बसून त्यांनी तार बसवली. वेंडेलची बोटं बधिर झाली होती, म्हणून खुंटीच्या भोकात तारेचं टोक व्हर्लिनने ओवलं. खुंटी मात्र त्याने फिरवली नाही. वेंडेलने तार लावली, मग उतरवली. काचांवर वाफ धरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं. त्याने जाडा भाग घेतला, मग बारीक, मोकळी जागा मोकळी सोडली, आणि शेवटी तार मारून खुंटी पिळली. सूर चढला, अडखळला, पुन्हा चढला, आणि आपल्या जागी येऊन थांबला.

व्हर्लिनने गुडघ्यावरचा हात उचलला नाही. “पुन्हा,” तो म्हणाला.

काळोख पडायच्या आत धून अकरा वेळा वाजली. निघताना व्हर्लिन खिडकीशी वाकला. “झेलाला सांग, विहिरीवर आता पंप आहे.”

“एवढंच?”

“एवढं पुष्कळ आहे. पुस्तक लिहायचं नाहीये.”

घरी येऊन वेंडेलने कॅसेट लावली आणि चार वेळा वाजवून ध्वनिमुद्रण केलं. तिसरं त्यातल्या त्यात बरं होतं. त्यात एक चूक होती. नेहमीचा वेंडेल आठवडाभर तेच करत बसला असता. पत्राचे तीन मसुदे झाले असते, मग चौथा, आणि मग शब्दकोशाचा चौथा खंडही उघडायचा बंद झाला असता. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याने मोजून पाहिलं होतं. आज अठरा फेब्रुवारी. त्यात क्रीडकाकांचे एकोणीस दिवस मिळवले की नऊ मार्च.

एका कागदावर, एकाच बैठकीत, त्याने लिहिलं.

‘झेलाबाई, उशीर झाला याला कारण फक्त माझं भित्रेपण. बारीक भाग माझा होता. त्याखाली मी तुमच्या बाबांचं नाव छापलं, ते खोटं होतं. मेळ्याच्या लोकांनाही मी तसं कळवतो आहे. सोबतच्या कॅसेटवर आहे ती धून व्हर्लिनने मला तोंडाने शिकवली. वाजवणं माझं आहे, म्हणून कच्चं आहे. शेवटचा सूर वर जातो. तुम्हाला तो ओळखीचा वाटला तर बरं. व्हर्लिन म्हणतो, विहिरीवर आता पंप आहे.’

शनिवारी सकाळी टपाल कचेरी उघडायच्या आधीच तो पायऱ्यांवर उभा होता. पोस्टमास्तरीण जूनेल हॅशने पाकीट तोललं.

“ओहायो. लवकर जायला हवंय का, मिस्टर फिप्स?”

“हो. जितकं लवकर जाईल तितकं.”

“कोणी आजारी आहे का हो?”

“अजून नाही,” वेंडेल म्हणाला.

तिने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, गालावरचा ओरखडा पाहिला, पण काही विचारलं नाही. शिक्का मारला आणि पाकीट मागच्या कापडी पिशवीत टाकलं.

“जूनेल, समजा कोणाला परत घ्यायचं असेल तर?”

“एकदा पिशवीत पडलं की ते सरकारचं. का, काही राहिलं का आत घालायचं?”

“नाही,” तो म्हणाला. “सगळं घातलंय.”

बाहेर पायऱ्यांवर बर्फ होता. त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि तो एकेक पायरी उतरू लागला.